गिल्बर्ट हिलचं वय सांगताय, तर नीट सांगा

अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलचा फोटो कुणी टाकला की खाली ठरलेली ओळ येतेच: "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोरच्या काळातला डोंगर." मला ही ओळ खटकते, कारण लाव्हा थिजून बनलेल्या या डोंगराच्या काळ्या खांबांचं वय प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेला आकडा आहे सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं, बारा लाख इकडे किंवा तिकडे. डायनासोर नाहीसे झाले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. सह्याद्रीचा बहुतेक लाव्हाही त्याच सुमाराचा. म्हणजे हा डोंगर त्यानंतर पन्नासेक लाख वर्षांनी आला, आणि मला तरी हीच गोष्ट जास्त रंजक वाटते.

हे कळतं कसं, असं विचारलं की "कार्बन डेटिंग" हे उत्तर हमखास मिळतं. इथे त्याचा काही उपयोग नाही. कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका उरत नाही. शिवाय तो लागतो लाकूड, हाडं असल्या एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना. बेसॉल्टसाठी, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडासाठी, पोटॅशियम-४० हा पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार बघतात. ते निम्मं व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात आणि त्यातल्या थोड्या भागाचा आरगॉन-४० हा वायू बनतो. लाव्हा तापलेला, वाहता असेपर्यंत हा वायू निसटून जातो. लाव्हा थिजला की आतच अडकतो. वयाची मोजणी तिथून सुरू.

नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात (आपल्या ट्रॉम्बेच्या 'अप्सरा'त अशी कामं झालेली आहेत). तिथे पोटॅशियम-३९ पैकी काहींचा आरगॉन-३९ होतो आणि त्यावरून दगडात पोटॅशियम किती, ते समजतं. मग तो टप्प्याटप्प्याने तापवायचा. प्रत्येक टप्प्याला जो वायू सुटेल, त्यातल्या दोन्ही आरगॉनच्या प्रमाणावरून वेगळं वय काढायचं. लागोपाठ बरेच टप्पे एकच वय सांगू लागले, तरच आकडा धरायचा. दगडाला मधल्या काळात पाण्याने किंवा उष्णतेने धक्का लागून आरगॉन गळला असेल, तर टप्पे जुळत नाहीत. दगड स्वतःच सांगतो की माझ्यावर विसंबू नका. या पद्धतीवर माझा जीव आहे तो यासाठी.

वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात इवल्या बेडकांचे जीवाश्म सापडले, १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञाने त्यांना नाव दिलं. ते खालच्या लाव्हानंतरचे आणि वरच्याच्या आधीचे, हे यंत्राशिवायही कळतं. वर्षं मात्र लाव्हाच देतो.

उपकरणं सुधारतात, बारा लाखांचा फरक उद्या कमी होईल. पण पुन्हा मोजायला दगड जागेवर हवा. खाणकामाने गिल्बर्ट हिलच्या आजूबाजूचा डोंगर केव्हाच खाल्ला, आता इमारती पार पायथ्याला टेकल्या आहेत. तिथे आणखी एकही बांधकाम होऊ नये. आणि वयाचा फलक लावायचाच असेल, तर आकडा, त्यातली कमीजास्त वर्षं आणि मोजण्याची पद्धत, तिन्ही मराठीत लिहा.