ड्रोनच्या ‘ऑटो’ रंगांचा जाच

ड्रोनच्या कॅमेऱ्यातल्या ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेड पाहून रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला, एकदा कोणीतरी स्पष्ट विचारायला हवे, की बाबा रे, तुला नेमका कोणता रंग खरा वाटतो? कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरून ड्रोन संथपणे समुद्राकडे वळवावा, तर आधी निळसर पडलेला कातळ पाहता पाहता तांबूस होतो, आणि ऊन तेच, आकाश तेच असताना केवळ चौकटीत पाणी जास्त आले म्हणून एकाच दृश्यात दोन ऋतू दिसू लागतात! सूर्यास्ताचे तर विचारूच नये. ज्या केशरी उजेडासाठी एवढा खटाटोप केला, तोच दोष समजून हे यंत्र इमानेइतबारे पुसून टाकते.

बरे, उजेडाच्या रंगछटेचा आकडा (तो केल्विनमध्ये मोजतात) हाताने ठरवावा म्हटले, तर ती सोय ‘प्रो’ मोडच्या आड दडवलेली. भर उन्हात काळ्याठिक्कर दिसणाऱ्या मोबाइलच्या पडद्यावर एका हाताची सावली धरून ती बारीकशी पट्टी 5500 केल्विनवर आणेपर्यंत तिकडे बॅटरी भराभर उतरत असते. आणि तेवढ्यात ढग आला, की पुन्हा 6500 कडे सरकवा! फोटो रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या स्वरूपात असेल तर घरी निवांत दुरुस्त करता येतो, पण रंगांची माहिती मोजकीच साठवणाऱ्या आठ बिटच्या व्हिडिओत मुरलेला निळा रंग कोणत्या साबणाने धुवायचा? उपग्रहांच्या आधाराने वाऱ्यातही जागच्या जागी तरंगणाऱ्या, सोडल्या ठिकाणी आपोआप परतणाऱ्या यंत्राला अर्धा मिनिट एकच रंग धरून ठेवणे एवढे जड का जावे?