‘दोन मिनिटांचं काम’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. कबड्डी स्पर्धेच्या लाइव्हमध्ये आम्ही तयार करून दिलेल्या खेळाडूंच्या फोटोंना काळी कड आली, खालचा फेड (फोटो खाली हळूहळू विरत जातो तो भाग) मळका दिसला, फायली मॅचच्या तोंडावर मिळाल्या आणि ‘दोन मिनिटांच्या कामाचे 4,800 रुपये घेतले’, असं तुम्ही लिहिलंय. मंडळासमोर तुम्हाला मान खाली घालावी लागली, त्याबद्दल माफी मागतो.

काळी कड ही आमचीच चूक. पहिल्या दोन संघांच्या एन्ट्रीची फाईल आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधून काढताना अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, ‘प्रीमल्टिप्लाइड’वरच (रंग पारदर्शकतेत आधीच मिसळलेला) राहिला, तो ‘स्ट्रेट’ (रंग आणि पारदर्शकता वेगवेगळी) करायला हवा होता. त्यामुळे अर्धपारदर्शक जागेतला रंग आधीच काळ्यात मिसळून फाईलमध्ये गेला आणि मैदानावर तुमच्या ओबीएसने, म्हणजे लाइव्ह चालवायच्या सॉफ्टवेअरने, तो पुन्हा एकदा कमी केला. जिथे निम्मा रंग दिसायला हवा तिथे पाव दिसला. स्क्रीनवरच्या तुमच्या हळदी रंगाच्या पट्टीवर ते मळकट दिसणारच. आमच्याकडे तपासताना मागे काळंच होतं, म्हणून लक्षात आलं नाही. 24 खेळाडूंचं नुकसान, मान्य. बाकीच्या 72 जणांना कड नाही. रेकॉर्डिंग तुमच्याच चॅनेलवर आहे, बघून घ्या.

पण ‘दोन मिनिटांचं काम’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. तुमचाच हिशेब धरू. आठ संघ, प्रत्येकी 12 खेळाडू, म्हणजे 96 फोटो. दोन-दोन मिनिटं धरली तरी 192 मिनिटं होतात. जवळपास सव्वातीन तास, मध्ये चहासुद्धा न घेता. आणि फोटो कसे आले तेही इथे वाचणाऱ्यांना कळू दे. दोन दिवस आधी द्यायचं ठरलं होतं. आदल्या रात्री 11:40 ला व्हॉट्सअॅपवर 71 आले, उरलेले 25 मॅचच्या दिवशी, त्यातला शेवटचा दुपारी 1:10 ला. मॅच 4:30 ची. आम्ही 3:50 ला सगळं दिलं. याला उशीर म्हणायचं असेल तर म्हणा.

तुमच्या ऑपरेटरने सांगितलं म्हणे, की ओबीएसमध्ये इमेज मास्कचा फिल्टर टाकला की फेड आपोआप येतो. येतो की. काळ्यातून हळूहळू पांढऱ्याकडे जाणाऱ्या रंगाचं, म्हणजे ग्रेडियंटचं, एक चित्र लावायचं, पांढरं तिथे फोटो दिसतो, काळं तिथे गायब होतो. पण तो मास्क फोटोच्या चौकटीला बसतो, माणसाला नाही. तुम्ही पाठवलेल्यात एक जण बुलेटला टेकून पायापासून डोक्यापर्यंत उभा, दुसऱ्याची छातीपर्यंतची सेल्फी, तिसरा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात. सगळ्यांना एकच मास्क लावला असता तर बुलेटवाल्याचे फक्त बूट विरले असते आणि सेल्फीवाल्याची हनुवटी गेली असती. म्हणून प्रत्येकाला आधी कापून, एका मापात बसवून, जर्सीच्या नंबरखालीच फेड सुरू होईल असा वेगळा ग्रेडियंट द्यावा लागला. तोही सरळ रेषेत ओढून भागत नाही. जिथे संपतो तिथे डोळ्याला आडवी रेघ दिसते, म्हणून शेवटाकडे हळू करावा लागतो. केसांची कड निम्म्याहून अधिक फोटोंत आमच्या घरच्यांनी हाताने काढली आहे, पहाटे तीनपर्यंत. त्यांनी तुमचा रिव्ह्यू अजून वाचलेला नाही, आणि मी दाखवणारही नाही.

एका फोटोचे 50 रुपये होतात. फ्लेक्सवाला एवढ्यात नाव बदलून देत नाही.

आणखी एक. मॅच चालू असताना तुम्ही चिडून फोन केलात, की तीन खेळाडूंना फेडच नाही, मागे चौकोन दिसतोय. ते फोटो कुणीतरी ग्रुपवर ‘फोटो’ म्हणून पुढे पाठवले होते. तसं पाठवलं की व्हॉट्सअॅप पीएनजीची जेपीजी करतं, आणि जेपीजीत पारदर्शकता राहतच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे मी दोनदा लिहिलं होतं. चॅट आहे माझ्याकडे. तरी मी तेव्हा फोनवर ‘सॉरी साहेब’च म्हणालो, कारण मैदानावरची गडबड मला कळते.

रिव्ह्यू टाकल्यापासून एका लग्नाच्या लाइव्हवाल्यांनी ‘जरा विचार करून कळवतो’ असं सांगितलं. सीझनच्या तोंडावर दोन खोल्यांच्या स्टुडिओला हे परवडत नाही. स्टार बदला असं म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. पुढच्या वेळी एखादी फाईल आधी तुमच्या मशीनवर लावून बघू, रंगीत पट्टीवर चेक करू, फोटोंच्या वेळेचंही काहीतरी ठरवू.

त्या 24 फोटोंचे 1,200 रुपये मी घेणार नाही. अॅडव्हान्स 2,500 आला होता, बाकी 2,300 आहे, हे खरं तर इथे लिहिणार नव्हतो. त्यातून 1,200 वजा करा. राहिलेले 1,100 सवडीने पाठवा, नंबर तोच आहे.