बादलीत काहीही घालू नये

माशांच्या टँकचा फिल्टर सॉक ब्लीचने धुणं यात खरं तर काहीच अवघड नाहीये. अवघड आहे ते ब्लीचची बादली आणि भरलं घर यांना एकमेकांपासून लांब ठेवणं. आपल्याकडे बादलीत काहीतरी भिजत घातलेलं दिसलं की येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात, प्रत्येकाला त्यात आपलं चमचाभर काहीतरी टाकायचं असतं, आणि तेही प्रेमाने, आपण नाही म्हणलं तर वाईट वाटतं ते वेगळंच.

तर आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये एक चार फुटी टँक आहे आणि त्यात एकच ऑस्कर मासा, नाव भाऊसाहेब. मूळचे ॲमेझॉनकडचे, पण आता स्वभाव पूर्ण इथला झालाय, पाहुणे आले की पाठ करून बसतात. ऑस्कर चांगला फूटभर वाढतो आणि त्याची जेवायची पद्धत अशी की पेलेट, म्हणजे खाण्याची गोळी, तोंडात घ्यायचं, चावायचं आणि त्यातला बराचसा भुगा कल्ल्यांतून परत पाण्यात सोडून द्यायचा. हा भुगा गोळा करायला खाली कॅबिनेटमध्ये सम्प, म्हणजे टँकचं पाणी गाळायची खालची टाकी, आणि सम्पमध्ये पाणी पडतं तिथे फिल्टर सॉक, म्हणजे जाड पांढऱ्या फेल्टची लांबोडकी पिशवी, वर प्लॅस्टिकची रिंग. आमचा 200 मायक्रॉनचा आहे, म्हणजे 0.2 मिलिमीटरपेक्षा मोठं जे काय असेल ते आत अडकतं. अडकतं ते तिथेच कुजतं, त्यामुळे काही दिवसांनी सॉक काढावाच लागतो, नाही काढला तर तो चोंदतो आणि पाणी कापडातून जायचं सोडून रिंगवरून सांडतं, आणि हे सांडणं नेहमी रात्री दोन-अडीचला सुरू होतं, घुळूक घुळूक घुळूक, मग बायको झोपेतच म्हणते, "तुझे भाऊसाहेब बोलावतायत."

धुवायची रीत साधी आहे. सॉक आधी उलटा करायचा आणि पाइपच्या जोरदार धारेखाली सगळा गाळ काढायचा, कारण गाळ तसाच ठेवला तर ब्लीच त्या गाळावरच खर्ची पडतं आणि कापडापर्यंत पोचतच नाही. मग प्लॅस्टिकच्या बादलीत (स्टीलच्या नाही, गंजते) गार पाणी, त्यात ब्लीच, साधारण एका वाटीला दहा वाट्या पाणी, आधी पाणी आणि मग ब्लीच म्हणजे उडत नाही, हातात रबरी ग्लोव्हज, बाथरूमची खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. ब्लीच साधंच घ्यायचं, बिनवासाचं, नुसतं सोडियम हायपोक्लोराइट, घरगुती बाटलीत ते 4 ते 5 टक्के असतं. लव्हेंडर, लेमन, फेसवालं, घट्ट केलेलं, यातलं काहीही नको. फेल्ट पॉलिस्टरचं असेल तर रात्रभर सुद्धा निवांत पडू दे, नायलॉनच्या जाळीचा सॉक मात्र ब्लीचने कमजोर होत जातो, त्याला यात आणूच नये. सकाळी कळकट पिवळा सॉक पांढराशुभ्र. झालं. एवढंच.

पण रात्र मोठी असते आणि बाथरूम कॉमन.

पहिल्या आल्या मावशी. त्या सकाळी लवकर येतात, बादलीत डोकावतात आणि म्हणतात, "दादा, नुसत्या पाण्यात काय निघतंय, मूठभर पावडर टाकू का?" मावशींचा हात हा मुठीतच मोजतो आणि मूठ म्हणजे आमच्या घरच्या आठवडाभराच्या कपड्यांची पावडर. आता फेल्टमध्ये एकदा साबण शिरला की तो लवकर बाहेर येत नाही, कितीही खळबळून काढा, टँकमध्ये गेल्यावर फेस येतो आणि तो माशाच्या कल्ल्यांना चांगलाच त्रास देतो, हे मी मावशींना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग निळ टाकू का?"

आईचं शास्त्र वेगळं. तिच्या मते ब्लीचचा वास जायला व्हिनेगर टाकावं, आणि व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळावं. म्हणलं आई, ब्लीचमध्ये आंबट काही पडलं की क्लोरीन वायू सुटतो, 1915 साली बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत जर्मनांनी समोरच्यांवर सोडला होता तोच. आईने ईप्रकडे साफ दुर्लक्ष केलं. "लिंबाने कधी कुणाला काही झालंय का? आम्ही वरणावर पिळतो." वरणात ब्लीच नसतं हा मुद्दा तिला उद्धटपणा वाटला. आणि गंमत बाजूला ठेवून सांगतो, लिंबापेक्षा भीती आहे ती कमोडशेजारच्या त्या निळ्या बाटलीची, कारण टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ती बाटली आणि आपली बादली यांच्यात एका हाताचं अंतर. काच पुसायच्या ज्या लिक्विडमध्ये अमोनिया असतो त्याचंही तेच, त्यातून क्लोरामाइनची वाफ येते. तेव्हा सॉक भिजत असताना बाथरूम घासायचं नाही, असा आमच्याकडे कायदा आहे आणि घरात एवढा एकच कायदा सगळ्यांनी आनंदाने मान्य केलाय.

खालच्या मजल्यावरचे काका मीटिंगच्या सह्या घ्यायला आले होते तरी बाथरूमपर्यंत पोचले. "उकळतं पाणी घाला हो, आमच्याकडे पायपुसणी तशीच धुतात." उकळत्या पाण्यात ब्लीचचा जोर लवकर संपतो आणि वाफा नाकात जातात, पण काकांना हे सांगायच्या आत ते गीझरचं टेंपरेचर बघायला लागले होते.

शेवटी बादलीवर कागद चिकटवला. 'या बादलीत कृपया काहीही घालू नये. मतसुद्धा.' संध्याकाळी बघतो तर बाबांनी लाल पेनने 'कृपया' ओढून वाक्याच्या सुरुवातीला नेलेला.

यात बायको एकटीच शहाणी. तिचं एकच म्हणणं, माझा एकही कपडा बाथरूमच्या दांडीवर असताना बाटलीचं झाकण उघडायचं नाही. काळ्या सुती कुर्त्यावर एक थेंब उडाला तरी नारिंगी ठिपका पडतो आणि तो जन्मभर राहतो, त्यामुळे मी वाद घालत नाही.

वार सुद्धा बघावा लागतो. बुधवारी रात्री भिजत घालायचं नाही. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद अशी बातमी पेपरात आली की घरातली प्रत्येक बादली, पिंप, पातेलं, कुकरसुद्धा भरून ठेवतात आणि अशा वेळी सॉकने एक बादली अडवलेली कुणालाच बघवत नाही. वर धुतल्यावर खळबळायला पाणी लागतं ते वेगळंच, आणि शुक्रवारी नळाला येतं ते कमी दाबाने, सुरुवातीला मातकट.

खळबळून झालं की उरलेलं क्लोरीन मारायचं. त्यासाठी माशांच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, सोडियम थायोसल्फेट, काचेसारखे पारदर्शक. कॉर्पोरेशनच्या पाण्यातही क्लोरीन असतंच, त्यामुळे टँकचं पाणी बदलताना हे तसंही घरात लागतं. मी खड्यांची पुडी सोडली आणि मागून बाबा, "अरे, हा तर हायपो!" सदाशिव पेठेतल्या वाड्यात रात्री मोरीला आतून कडी लावून, लाल बल्ब लावून ते फोटो धुवायचे, आणि फिक्सर, म्हणजे फोटो पक्का करायचं औषध, तो हाच. मग मला इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल ऐकावा लागला, हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे त्याने 1819 मध्येच दाखवलं होतं आणि फोटोग्राफी त्यानंतर वीस वर्षांनी आली, म्हणजे औषध आधी आणि रोग नंतर, असं म्हणून बाबा स्वतःच हसले. मग माळ्यावरून त्यांचा बांबूचा चिमटा निघाला, टोकांना रबर लावलेला, रबर आता वाळून चिरलेलं. त्या चिमट्याने त्यांनी सॉक रिंगला धरून उचलला, एका कोपऱ्यातून पाणी निथळू दिलं, पालथा केला, परत बुडवला. इतकं सावकाश की मावशी हातात झाडू घेऊन बघत उभ्या राहिल्या. अर्धा तास हे चाललं. मग नाकाशी धरून वास घेतला, परत घेतला, आणि म्हणाले, "अजून एक पाणी."

क्लोरीनचा जरा जरी वास आला तर अजून एक पाणी, हा नियम बाबांचा असला तरी बरोबर आहे. त्यानंतर कडक उन्हात पूर्ण वाळवायचा, आतलं फेल्ट हाताला कोरडं लागेपर्यंत. दोन-तीन सॉक असले की एक टँकमध्ये, एक बादलीत, एक दोरीवर, घाई होत नाही.

दोरीवर रिंगला चिमटे लावून टांगलेले ते पांढरेशुभ्र सॉक आई बराच वेळ बघत होती. जवळ गेली, कापड चिमटीत धरून बघितलं, रिंग ओढून बघितली.

"पाणी खाली जातं आणि घट्ट तेवढं आत राहतं ना रे?"

"हो."

"मग पुढच्या वेळी दुकानात जाशील तेव्हा एक कोरा आण, भाऊसाहेबांना न लावलेला. पाडव्याला चक्का टांगते."