तांबडा रस्सा आणि परदेशी झाड

परवा गल्लीत सह्यांचा कागद फिरत होता. तोंडावरचं रेन ट्री तोडायचं म्हणे. कारणं दोन : शेंगांचा चिकटा गाड्यांवर पडतो, आणि झाड परदेशी आहे.

चिकट्याचं मान्य. उन्हाळ्यात सीटवर शेंग ठेचली की नुसत्या फडक्यानं जात नाही. पण परदेशी? भावा, हे झाड मध्य-दक्षिण अमेरिकेचं, तर मिरची कुठली? बटाटा, शेंगदाणा कुठला? सगळं त्याच बाजूनं आलंय. आधी तांबड्या रश्श्यातली मिरची काढून दाखव, मग कागद आण. (झाडाचं शास्त्रीय नाव समानिया सामान. आईला सांगितलं तर म्हणाली, "कुणाचं सामान?")

दिवसा हे झाड पानं पसरून छत्री धरतं, संध्याकाळी पानं मिटून घेतं. ढग दाटले तरी मिटतं, म्हणून पाऊस थेट बुंध्याशी उतरतो. मोठ्या झाडाचा घेर पंचवीस-तीस मीटर सहज भरतो. आमच्या झाडाखाली रिक्षा स्टॉप, चहाची गाडी आणि उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, तिन्ही बसतात. एप्रिलमध्ये पाच मिनिटं तिथं थांबा, मग स्टॅंडवरच्या पत्र्याच्या शेडखाली थांबा.

शेंगेतला गर गुळमट असतो. लहानपणी चाटलाय, खोटं कशाला बोलू. शेळ्या तर त्यावर तुटून पडतात.

"वादळात पडलं तर?" हा प्रश्न रास्त आहे, फांद्या मोडतात याच्या. पण गटार खोदताना एका बाजूची मुळं कुणी तोडली? बुंध्यापर्यंत काँक्रीट कुणी ओतलं? पाय तोडायचे आणि उभं राहत नाही म्हणून बोंब मारायची!

नवीन लावायचं तर करंज लावा, वड लावा, माझी ना नाही. पण वडील शाळेला जाताना याच झाडाखाली थांबायचे, म्हणजे पन्नाशी कधीच उलटलीय. राज्याच्या झाडांबद्दलच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, त्यात पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलंय. गल्लीच्या सह्यांवर ते तुटत नसतं.

मी सही केली नाही. बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायला परवानगीचा अर्ज लिहिलाय, त्यावर मात्र सह्या हव्यात. शेंगांचं म्हणाल तर पलीकडच्या शेळ्यावाल्या मावशींशी बोललोय. रोज सकाळी पोतं घेऊन येतो म्हणाल्या.