जळगाव ते पुणे 15 मिनिटांत? काहीही!

"जळगाव-पुणे हवाई अंतर फक्त 200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 800, म्हणजे 15 मिनिटांत पुणे! त्यात पृथ्वी आपल्याकडे फिरत येते, म्हणून आणखी वेळ वाचतो. अर्धा तास आधी पोहोचलं तरी चालतं." खान्देशातला एकही ग्रुप या मेसेजच्या तावडीतून सुटलेला दिसत नाही. चोपड्याच्या मामांनी तो मला पाठवला, वर स्वतःचा हिशेब मांडून. तेव्हा मात्र डोकं सरकलं.

अंतराचं आधी उरकतो. विमानतळ प्राधिकरण एआयपी नावाचं अधिकृत माहितीपत्रक काढतं, त्यात प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश असतात. जळगाव 20 अंश 58 मिनिटं उत्तर, 75 अंश 38 मिनिटं पूर्व. पुणे 18 अंश 35, 73 अंश 55. उत्तर-दक्षिण फरक सुमारे 264 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 179. आता शाळेतला पायथागोरस लावा: साधारण 320 किलोमीटर. म्हणजेच 200 मैल! कुणीतरी मैलांचेच किलोमीटर करून टाकलेत.

वेगही चुकीचा. आपल्याकडे येतं ते एटीआर, पंख्यांचं विमान. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. नुसतं हवेतलं अंतर कापायलाच 38-40 मिनिटं. वर धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं. शिवाय पुण्याचं विमानतळ लोहगावला, आणि तो हवाई दलाचा तळ, तिथे थोडं थांबवलं तर थांबायचं. तास धरून चाला.

आणि पृथ्वी फिरते म्हणे! अरे भो, पृथ्वीसोबत हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच उडतं. नाहीतर आपल्या अक्षांशावर जमीन ताशी 1,570 किलोमीटरने पूर्वेकडे सरकते. जळगावच्या डोक्यावर हेलिकॉप्टर तासभर नुसतं तरंगत ठेवलं, तर खाली ओमानजवळचा अरबी समुद्र यायला हवा. जळगावातलाच मेहरूण तलावसुद्धा येत नाही. यातलं अर्धं खरं एवढंच की जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो, पण तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पुण्याला जाताना तो समोरून लागतो. वेळ वाचणं सोडाच, उलट वाढतो.

खरा घात शेवटच्या ओळीत आहे. मामांचा हिशेब असा: विमान साडेचारचं, चोपड्याहून दोनची एसटी, साडेतीनला जळगाव स्टँड, रिक्षाने चारला कुसुंब्याजवळ विमानतळावर. मामा, देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या पाऊण ते एक तास आधी बंद होतात. तुम्ही चारला पोहोचाल तेव्हा ते केव्हाच बंद झालेले असतील. विमान समोर उभं दिसेल, पण तुम्हाला आत घेणार नाहीत आणि तिकिटाचे बहुतेक पैसेही बुडतील. बारापूर्वी घर सोडा. जळगावात वेळ उरला तर चहा घ्या.

मेसेजखाली कुणीतरी "पंख्याचं विमान म्हणजे जुनाट" असंही चिकटवलंय. एटीआर 72-600 प्रवासी सेवेत आलं 2011 मध्ये. पंखे फिरवायला आत टर्बाइन असतं. आखूड धावपट्टीवर आणि कमी अंतराला तेच परवडतं, म्हणून तर ते जळगावला येतं.