टेकडी सगळ्यांची, बिल कोणाचं?

मागच्या रविवारी सकाळी बाबांनी फॅमिली ग्रुपवर पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या मोराचा फोटो टाकला आणि पाच मिनिटांत त्याच्याखाली भांडण सुरू झालं. भावोजींनी लिहिलं, मोर छान आहे हो बाबा, पण मला काल लॉ कॉलेज रोडवर पाऊण तास लागला, तो टेकडीवरून जाणारा बालभारती-पौड फाटा रस्ता होऊन जाऊ दे एकदाचा. ताईने रागाची स्मायली टाकली. बाबांनी 2023 च्या एप्रिलमधल्या टेकडी बचाव मोर्चाचा फोटो शोधून काढला, ज्यात ते टोपी घालून कोपऱ्यात उभे आहेत. इथे कॅलिफोर्नियात शनिवारची रात्र, जेवणं झालेली, मला कुठून बुद्धी झाली आणि मी लिहिलं की आमच्याकडे असं कोणी सुचवलं जरी असतं ना तरी लोकांनी... वाक्य पूर्ण व्हायच्या आत भावोजींचा मेसेज, "तुमच्याकडे म्हणजे नक्की कुठे?"

बरोबर आहे त्यांचं. मी एआरआय म्हणजे आघारकर संस्थेच्या बाजूने टेकडी चढून मोठा झालो, खाणीच्या पाण्यात दगड मारले, बारावीचा रिझल्ट लागल्यावर घरी न जाता आधी वेताळबाबाच्या देवळापाशी जाऊन बसलो होतो. आणि आता चौदा वर्षं झाली, पुण्यात राहत नाही. तरी मत आहेच. मत काय, व्हिसा लागत नाही त्याला.

आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर रँचो सॅन अँटोनिओ म्हणून एक डोंगर आहे. शनिवारी सकाळी तिथे गेलात तर पार्किंगला जागा मिळत नाही आणि दर चौथ्या माणसाच्या तोंडून "अगं पाणी घेतलंस का" ऐकू येतं. ट्रेलवर साधारण मैलभर आत गेलं की डियर हॉलो फार्म लागतो, शेळ्या, कोंबड्या, डुकरं, एखादी गाय, जुनं कोठार. माउंटन व्ह्यू शहर तो चालवतं आणि शाळांच्या ट्रिपा तिथे येतात. माझी लेक दुसरीत असताना गेली होती, मी व्हॉलंटियर म्हणून बरोबर. कोंबडीखालचं गरम अंडं हातात घेऊन पोरं गप्प झाली होती, वीस पोरं एकदम गप्प, हे मी आयुष्यात एकदाच बघितलंय. तिथेच मूळ ओलोनी लोकांच्या वस्तीची प्रतिकृती केलेली आहे, गवताच्या झोपड्या वगैरे. लेकीने विचारलं, मग ते लोक कुठे गेले? गाईडबाईंनी टाळलं नाही, जमीन त्यांच्याकडून घेतली गेली असं सरळ सांगितलं. म्हणजे "आम्ही निसर्ग राखला" हे वाक्य इथेसुद्धा दुसऱ्या पानापासून सुरू होतं, पहिलं पान वेगळंच आहे. मुंबईच्या आरेमधल्या वारली पाड्यांबद्दल बोलताना मला ते आठवतं.

आणि हे काही जंगलात लांब कुठे नाही. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला 1939 पासूनची सिमेंटची फॅक्टरी आणि भलीमोठी खाण आहे, भट्टी आता आता बंद झाली. अलीकडे सिलिकॉन व्हॅली, जिथे एका गुंठ्याचा भाव ऐकून कोथरूडचा बिल्डरपण पाणी मागेल. तरी डोंगर मोकळा राहिला. का राहिला?

इथे आलो तेव्हा मला वाटायचं की या लोकांना सिव्हिक सेन्स आहे, आपल्याला नाही. आपण एनआरआय लोक हे वाक्य फार पटकन बोलतो, एअरपोर्टवरून घरी पोचायच्या आत. पण मग घर घेतलं आणि पहिलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं, त्यात बारीक अक्षरात शाळा, कॉलेज, पाणी, आणि एक ओळ होती मिडपेनिन्सुला ओपन स्पेस डिस्ट्रिक्टची. हे प्रकरण काय म्हणून शोधलं. तर 1972 साली इथल्या लोकांनी मतदान करून एक स्वतंत्र संस्था उभी केली, काम एकच, डोंगर विकत घ्यायचे आणि मोकळे ठेवायचे. तेव्हापासून प्रॉपर्टी टॅक्समधला छोटा हिस्सा तिला जातो. आज 65 हजार एकरांहून जास्त जमीन राखलीये. 2014 मध्ये अजून 300 मिलियन डॉलरच्या बाँडसाठी परत मत मागितलं, त्याला दोन तृतीयांश मतं लागतात, थोडक्यात पण मिळाली. त्याचा बोजा घराच्या दर लाख डॉलर टॅक्स किमतीमागे वर्षाला जास्तीत जास्त तीन-सव्वातीन डॉलर. म्हणजे लाखामागे दोन कॉफ्यासुद्धा नाहीत.

सिव्हिक सेन्स-बिन्स बाजूला ठेवा. लोकांनी जमीन विकत घेतली, एवढंच आहे ते. मालकाला पैसे दिले, मालक खूश, डोंगर मोकळा, भांडण संपलं. (पूर्ण संपत नाही, सायकलवाले विरुद्ध चालणारे हा वाद इथे पुण्याच्या गणपती मंडळांच्या वरताण चालतो, पण ते सोडा.)

आता पुणे बघा. 1997 मध्ये 23 गावं हद्दीत आली, त्यांच्या टेकड्यांवर बीडीपी, म्हणजे बायोडायव्हर्सिटी पार्कचं आरक्षण टाकायचं ठरलं, साधारण 978 हेक्टर. माजी महापौर वंदना चव्हाणांपासून कितीतरी साध्या नागरिकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले आणि राज्य सरकारची मंजुरी यायला 2015 उजाडलं. मी तेव्हा इथे बसून पेढे वाटण्याच्या मूडमध्ये होतो. पण बरीचशी जमीन खाजगी मालकीची. मालकाला मोबदला म्हणून रोख नाही, टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधायचा हक्क, आणि तोही 8 टक्के. माझ्या शाळेतल्या मित्राच्या घरची वीस गुंठे त्यात अडकली आहेत. तो म्हणतो, बांधता येत नाही, विकायला गेलं तर कोणी घेत नाही, पार्कपण होत नाही, फक्त नकाशावर हिरवा रंग आहे आणि शेजारी एकाने रातोरात पत्र्याची शेड ठोकून भाड्याने दिली. जो नियम पाळतो तो बुडतो. हे ऐकल्यावर त्याला "अरे पण टेकड्या म्हणजे शहराची फुप्फुसं" म्हणायला माझी जीभ रेटेना.

मला टेकडी हवीच आहे, त्यात शंका नाही. बेसाल्टच्या भेगांमधून पावसाचं पाणी मुरतं ते तिथे, खाली बोअरला पाणी येतं ते आकाशातून नाही येत. आणि तो रस्ता दोन किलोमीटरच्या आसपास, त्याने लॉ कॉलेज रोड कायमचा मोकळा होईल हे मला पटत नाही, इथे हायवे 101 किती वेळा रुंद केला आणि मी रोज संध्याकाळी त्याच्यावर उभाच असतो. पण भावोजींचा पाऊण तास खरा आहे आणि मित्राचे वीस गुंठेपण खरे आहेत, आणि आपल्या टेकडीप्रेमात दोघांच्या हिशोबाचं पान कोरं आहे.

इथलं उलटं पण सांगतो नाहीतर लबाडी होईल. डोंगर मोकळे ठेवले ते ठीक, पण खाली जिथे बांधायला हरकत नाही तिथेही हीच मंडळी चार मजल्याच्या बिल्डिंगला विरोध करायला झाडांचं नाव पुढे करतात. लेकीची टीचर ट्रेसी नावाच्या लांबच्या गावाहून गाडी चालवत यायची, ट्रॅफिक असेल तर एका बाजूला दोन तास. तिला हा डोंगर वीकेंडला बघायचं त्राण कुठून येणार? कम्युनिटी म्हणजे ज्यांना इथे घर परवडतं ते, असा अर्थ होत चाललाय. पुण्यात तरी टेकडीवर सकाळी वॉचमन आणि डॉक्टर एकाच पायवाटेवर असतात.

आणि आपल्याकडे जमत नाही हेही खोटं. धारावीला लागून मिठीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, 37 एकर, आधी मुंबईचं डंपिंग ग्राउंड होतं ते. 1994 ला उघडलं, आज झाडी एवढी की खाली कचरा होता सांगितलं तर खरं वाटत नाही, शाळेतली पोरं तिथे फुलपाखरं बघायला येतात. तिथे जमीन सरकारी होती हा फरक आहे, आणि तो छोटा फरक नाही.

पोरांना निसर्ग शिकवण्याचं म्हणाल तर आपल्या टेकडीवर डियर हॉलोसारखं सेंटर बांधायच्या आधी आपणच जरा शिकायला हवं. टेकडी म्हणजे मुळात गवताळ, खडकाळ, सालई, गणेर, मेडशिंगी अशी मोकळी झाडं. आपण दर पावसाळ्यात तिथे झाडं लावायला खड्डे खणून फोटो काढतो, आणि मागे कधीतरी लावलेली उंदीरमारी सगळीकडे पसरून खाली काही उगवू देत नाही ती वेगळीच. बाबा आता सोसायटीच्या पोरांना महिन्यातून एकदा वर नेतात. पहिल्या वेळी अकरा आली, दुसऱ्या वेळी तीन, तिसऱ्या वेळी भावोजी स्वतः सोडायला आले कारण भाचीला गणेरचं पिवळं फूल बघायचं होतं. रस्त्याबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही. विचारलं मी.

मित्राला मी परवा फोनवर हे सगळं मिडपेन, बाँड, दर लाखामागे तीन डॉलर वगैरे उत्साहात सांगितलं, म्हटलं पुण्यात टेकडी सेस लावा, घरटी थोडे थोडे पैसे, मालकांना रोख मोबदला द्या, मी फ्लॅट भाड्याने दिलाय त्याच्यावर आनंदाने भरीन. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, सेस लागेल तेव्हा लागेल रे, तुम्ही तिकडे महाराष्ट्र मंडळात तीन-चारशे जण आहात ना, माझे वीस गुंठे घ्या आणि द्या पोरांना, मी भाव कमी करतो. मी म्हटलं मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय काढतो. मीटिंग पुढच्या शनिवारी आहे, अजेंड्यावर सध्या दिवाळीचा फराळ आणि हॉलचं भाडं एवढंच आहे.