इग्निशन व्होल्टेजचा कोड दिसला म्हणून ईसीएम बदलू नका

गेले काही दिवस जळगाव-धुळ्याच्या गाडीवाल्यांमध्ये एक व्हॉट्सअॅप मेसेज फिरतोय. मलाच तो पाच-सहा जणांनी पाठवला. परवा तर एक गिऱ्हाईक मोबाईलवर तो उघडूनच दुकानात आलं. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा कॉम्प्युटर, आणि स्कॅनर लावल्यावर बिघाडाचे जे नंबर दिसतात ते कोड. मजकूर असा: "स्कॅनरवर इग्निशन व्होल्टेजचा कोड आला म्हणजे ईसीएम गेला. बॅटरी चांगली आणि फ्यूज शाबूत असतील तर दुसरं काही असूच शकत नाही. वायरिंग तपासण्यात वेळ घालवू नका. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा ईसीएम आणा, लावा, कोड पुसा, गाडी सुरू."

मी बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. या मेसेजमधलं एकही वाक्य धड नाही, आणि त्याच्या नादी लागून साध्या माणसाचे चाळीस-पन्नास हजार जातात. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो.

"कोड आला म्हणजे ईसीएम गेला." कोड लिहितो कोण? ईसीएमच. पी ०५६२ लिहिताना तो सांगत असतो की माझ्याकडे येणारं व्होल्टेज कमी पडतंय. पी ०५६३ म्हणजे जास्त येतंय. पी २५३० म्हणजे किल्ली 'रन'वर आहे, पण त्या सर्किटचा हिशोब जुळत नाही. पी ०६८५ मेन रिलेच्या कंट्रोल सर्किटचा (रिले म्हणजे थोड्या करंटने जास्त करंटची वाट उघडणारा स्विच). ईसीएमच्या पोटातच बिघाड झाला तर त्याचे कोड वेगळे असतात, पी ०६०१, ०६०४, ०६०६ असे. पहिल्या गटातला कोड वाचून दुसऱ्या गटाचा निकाल देणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून मोटर बदलण्यासारखं आहे. आधी टाकीत पाणी आहे का, मधला पाइप फुटलाय का, हे कोणी बघायचं?

ईसीएमला सप्लाय एकाच वायरने येत नाही. एक थेट बॅटरीवरून येतो, किल्ली काढली तरी चालू राहतो. दुसरा किल्ली फिरवल्यावर येतो. तो आला की ईसीएम जागा होतो आणि बऱ्याच गाड्यांत स्वतःच मेन रिले ओढतो. मग रिलेतून तिसरा, जास्त करंटचा सप्लाय मिळतो. अनेक गाड्यांच्या डायग्राममध्ये हेच ३०, १५ आणि ८७ या आकड्यांनी दाखवलेलं असतं, आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट, ३१ ने. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत येणारा पी १६८२ हा कोड तर अशा दोन इग्निशन सप्लायची तुलना करूनच पडतो. दोघांत ठरावीक फरकापेक्षा जास्त अंतर पडलं की ईसीएम ते नोंदवतो. म्हणजे तो आपलं काम चोख करत असतो, आणि आपण त्यालाच बाहेर काढायला निघतो.

"बॅटरी चांगली आणि फ्यूज शाबूत, मग दुसरं काही असूच शकत नाही." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

मे महिन्यात अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "दादा, गाडी चालूच व्हई नही ऱ्हायनी." गाडी सकाळी चालू व्हायची, दुपारी उन्हात उभी राहिली की सेल्फ फिरायचा पण इंजिन पकडायचं नाही, आणि रात्री पुन्हा व्यवस्थित. एका गॅरेजने कोड बघून ईसीएमचा अठ्ठेचाळीस हजारांचा अंदाज हातात दिला होता. फ्यूज शाबूत होते. बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवत होती. मेसेजच्या हिशोबाने ईसीएम मेलेलाच.

मी त्यांना दुपारी दोनलाच गाडी आणायला सांगितली, कारण आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत जो लूज काँटॅक्ट सापडतो तो संध्याकाळी सापडत नाही. ईसीएमचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला, किल्ली फिरवली आणि इग्निशनच्या पिनवर मीटर लावला: १२.३. इथेच बहुतेक जण थांबतात आणि सप्लाय ओके म्हणतात. पण डिजिटल मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. दहा तारांतली एकच तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवेल. म्हणून त्या पिनवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला, त्याची दुसरी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. हा बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास करंट ओढतो. बल्ब लागला, पण पिवळट. मीटर १२.३ वरून ९.६ वर आला. त्याच वेळी बॅटरीवर १२.४. म्हणजे वाटेत २.८ व्होल्ट गायब.

मग बल्ब तसाच पेटता ठेवून वाटेचे तुकडे पाडले. बॅटरीपासून इग्निशन स्विचच्या इनपुटपर्यंत ०.१. स्विचच्या दोन टर्मिनलांमध्ये २.५. स्विचपासून ईसीएमपर्यंत ०.२. चोर सापडला. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं तर स्विचच्या मागचा पांढरा कपलर एका पिनभोवती तपकिरी पडलेला, आणि त्याच वायरला सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून एक जोड काढलेला. आधीच्या मालकाने पुढे दोन फॉगलाइट बसवले होते, ५५ वॅटचे, रिले न टाकता. दोन्ही मिळून नऊ अँपियर वर्षानुवर्षं त्या स्विचमधून जात होते. काँटॅक्ट भाजले, स्प्रिंग ढिली झाली. उन्हाने केबिन तापली की उरलासुरला काँटॅक्टही सुटायचा.

स्विचचा इलेक्ट्रिकल भाग बदलला, जोड काढून वायर नीट केली, फॉगलाइटला बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले दिला. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. ईसीएम जुनाच, गाडी आजही त्याच्यावर चालते.

बल्बबाबत एक सांभाळा. तो फक्त सप्लायच्या पिनवर लावायचा, तोही कपलर ईसीएममधून काढून. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरवर बल्ब लावाल तर चांगला ईसीएम खरोखर घालवाल.

"वायरिंग तपासण्यात वेळ घालवू नका." वर सांगितलेल्या कामाला मला पाऊण तास लागला, त्यात कव्हर उघडणंही आलं. सप्लायइतकाच अर्थही बघावा लागतो. सेल्फ मारताना ईसीएमच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर धरा. ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट सोडवून बघा. शेतरस्त्याची धूळ आणि वरून प्रेशरने मारलेलं पाणी, यांनी त्याखाली हिरवट थर धरतो. सेल्फ मारताना बॅटरीही बघा. साडेनऊच्या खाली जात असेल तर उभ्या गाडीचे साडेबारा काही कामाचे नाहीत. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवेत. उंदरांनी कुरतडलेली वायर तर आपल्याकडे खळ्याजवळ लावलेल्या गाड्यांत नेहमीचीच, आणि ती डोळ्यांनी शोधावी लागते.

काही जण म्हणतात की स्कॅनर लागतोय, म्हणजे सप्लाय ठीक आहे. नाही. स्कॅनरच्या सोळा पिनांच्या सॉकेटला १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरीचा सप्लाय असतो. ईसीएम पूर्ण बंद असला तरी स्कॅनरचा पडदा लागणारच.

"जुन्या बाजारातून ईसीएम आणा, लावा." बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर असतो. किल्लीतली चिप आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावला तर इंजिन चालूच होत नाही, नाहीतर चालू होऊन लगेच बंद पडतं. कॉमन रेल डिझेलमध्ये तर बऱ्याचदा प्रत्येक इंजेक्टरचा (डिझेल फवारणाऱ्या भागाचा) स्वतःचा वेगळा कोड ईसीएममध्ये भरलेला असतो. तो न जुळवता गाडी चालवली तर इंजिन खडखडतं, धूर मारतं. आणि भाजलेला स्विच जागेवरच असेल तर नवा कोरा ईसीएमही दुसऱ्या दुपारी तोच कोड लिहील.

"कोड पुसा." आधी लिहून घ्या, मग पुसा. कोड पडला त्या क्षणीचे इंजिनचे आकडे त्याच्यासोबत साठवलेले असतात. ते गेले की निम्मा पुरावा गेला.

ईसीएम कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. जातो, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा विचारल्यावर कळतात. सावदा-रावेरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की जवळची केळीची ट्रक थांबवून जंपर, म्हणजे बॅटरीला बॅटरी जोडणारी केबल, लावतात. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, आणि जंपर त्या जोडीच्या दोन्ही टोकांना लागला तर कारचे इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. उलटा जंपर, बॅटरी न काढता बॉडीवर मारलेलं वेल्डिंग, पावसात ईसीएमच्या डब्यात शिरलेलं पाणी, ही बाकीची. अशी गाडी आली की मी आधी तिन्ही सप्लाय आणि अर्थ बल्ब लावून मोजतो. सगळं बरोबर असूनही ईसीएम कपलर लावल्यावर बोलत नसेल, किंवा आतल्या बिघाडाचाच कोड देत असेल, तेव्हाच तो खोलतो. मोजलेले आकडे बिलावर लिहून देतो. तुम्हाला कोणी ईसीएम बदलायला सांगितला तर एवढंच मागा: इग्निशन पिनवर बल्बचा लोड देऊन किती व्होल्ट आले, आणि अर्थला किती पडले. हे दोन आकडे ज्याच्याकडे नाहीत, त्याने अजून तपासणी केलेली नाही.